नव्वद टक्के आर्द्रता आणि तुमची प्रतिक्रिया

आर्द्र उपोष्ण किनारी हवामान आणि समशीतोष्ण अंतर्भागातलं हवामान यांची तुलना करणारा माझा मागचा लेख तुम्ही वाचलात आणि त्याखाली भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. किनाऱ्यावरचे ३१ अंश अंतर्भागातल्या ३६ अंशांपेक्षा शरीराला जड जातात, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे शब्द असे: "अंतर्भागात हिवाळ्यात सकाळी ९० टक्के आर्द्रता असते, किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी ६५. मग दमट कोण? चार दिवस समुद्रकाठी सुट्टी घालवून आलेल्या माणसानं हवामानावर लिहू नये." पुढे हिवाळ्यात घर तापवण्याचा खर्च, किनाऱ्यावरची वादळं, दोन्ही हवामानं एकाच गटात मोडतात हा मुद्दा आणि माझं 'भावनिक लिखाण', असं बरंच काही आहे.

आधी त्या चार दिवसांबद्दल. हे तुम्हाला कुणी सांगितलं? लेखात तसं एक अक्षरही नाही. मी किनाऱ्यावर वाढले, तिथेच नोकरीला लागले आणि नंतर कित्येक वर्षं समुद्रापासून दूर, थंड हिवाळ्याच्या प्रदेशात काम केलं. दोन्हीकडे काम एकच होतं, जुने कागद, नकाशे आणि चामडी बांधणीची पुस्तकं सांभाळण्याचं. या कामात सकाळी आल्या आल्या पहिली नजर जाते ती भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे. हवेत पाणी किती आहे हा प्रश्न माझ्यासाठी गप्पांचा कधीच नव्हता. तो चुकला तर शंभर वर्षं टिकलेला कागद एका पावसाळी मोसमात बुरशीनं जातो. मतभेद असावेत, मला त्यांचा त्रास होत नाही. पण ज्या माणसाबद्दल काही ठाऊक नाही त्याच्या अनुभवाची मोजदाद करून मगच मुद्द्याकडे वळायचं, ही पद्धत मला पटत नाही आणि ती मी गोड मानून घेणार नाही.

एक गोष्ट मान्य करते. दवबिंदूचा, म्हणजे हवा किती थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं दव व्हायला लागेल त्या तापमानाचा, उल्लेख मी लेखाच्या अगदी शेवटी केला होता. तो वर आला असता तर वाचकाला सोपं गेलं असतं. पण तो लेखात होता, आणि प्रतिक्रिया लिहिण्याआधी शेवटपर्यंत वाचण्याची अपेक्षा मी ठेवू शकते.

आता तुमचं ते वाक्य. ९० विरुद्ध ६५. हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. भांडण आहे ते त्यांना शेजारी शेजारी ठेवण्याशी. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे एवढंच. तापमान बदललं की ते 'जास्तीत जास्त'च बदलतं. ० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ५ ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. दर अंशामागे ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे ज्याचे टक्के काढायचे ते भांडंच दोन्हीकडे वेगळं आहे.

तुमचेच आकडे घेऊ. हिवाळ्यातली सकाळ, ५ अंश, ९० टक्के: एका घनमीटरमध्ये बाष्प ६ ग्रॅमच्या आसपास. किनाऱ्यावरची उन्हाळी दुपार, ३१ अंश, ६५ टक्के: जवळजवळ २१ ग्रॅम. ज्या हवेला तुम्ही कमी दमट ठरवलंत तिच्यात तिप्पटीहून जास्त पाणी आहे. आता दवबिंदू पाहा. तुमच्या हिवाळी सकाळी तो साडेतीन अंशांच्या जवळ, किनाऱ्यावरच्या दुपारी साडेतेवीसच्या जवळ. वीस अंशांचा फरक! एवढा फरक लपवणाऱ्या आकड्यावर तुम्ही सगळी प्रतिक्रिया उभी केलीत आणि वर मला विचारलंत, दमट कोण.

आता माझा अनुभव सांगते, कारण तो तुम्हीच काढलात. अंतर्भागातल्या आमच्या कागदकोठारात हिवाळ्यात बाहेर तुम्ही म्हणता तशीच ८५-९० टक्के आर्द्रता असायची. धुकं, ओली फुटपाथ, काचांवर पाणी. आणि त्याच दिवसांत आत आम्ही हवेत पाणी सोडणारी यंत्रं लावत होतो. ती बंद पडली की पुस्तकांची चामडी पाठ तडकायची, चर्मपत्रं आक्रसून वाकायची, लाकडी चौकटींचे सांधे उघडे पडायचे. गणित सरळ आहे. बाहेरची ६ ग्रॅमवाली हवा आत येते आणि तापवून २१ अंशांवर नेली जाते. २१ अंशांना हवा १८ ग्रॅमच्या वर पाणी धरू शकते. सहा भागिले अठरा, म्हणजे ३३ टक्के. बाहेर ९० टक्के असलेली हवा खोलीत आली की कोरडी ठणठणीत होते. त्या हवामानात हिवाळ्यात ओठ फुटतात, त्वचेला खाज सुटते, रात्री घसा कोरडा पडतो, ते याच कारणानं. तुमच्या अंतर्भागाच्या दमटपणाचा पुरावा म्हणून तुम्ही दिलेला आकडा प्रत्यक्षात तिथल्या कोरड्या हिवाळ्याचा पुरावा आहे.

किनाऱ्यावर याच्या नेमकं उलट. तिथे आम्ही वर्षातला मोठा काळ हवेतून पाणी काढत होतो. आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायची हे ठरलेलं, पण उन्हाळ्यात दार दोनदा जास्त उघडलं तरी काटा वर सरकायचा. सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस गेले की पुठ्ठ्यांवर करडी पावडर दिसायची आणि ती बुरशी असायची. लाकूडही हवेप्रमाणे वागतं. ६५ टक्के आर्द्रतेत त्यातलं पाणी १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्क्यांत १६च्या आसपास, ३० टक्क्यांत जेमतेम ६. म्हणून किनाऱ्यावर खण फुगून अडकतात आणि अंतर्भागात हिवाळ्यात तेच खण सैल होऊन खुळखुळतात.

गंजाचंही तेच. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं आणि ते धातूवर बसतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं, पण समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. त्यामुळे किनाऱ्याजवळचं लोखंड दिसायला कोरडं असलं तरी वर्षातला बहुतेक काळ पातळ खाऱ्या ओलीखाली असतं. अंतर्भागात धुक्यानं ओली झालेली बिजागरी दुपारी सुकते आणि तिथे विषय संपतो. माझ्या कपाटांच्या बिजागऱ्या मी दोन्हीकडे पाहिल्या आहेत. तुम्ही पाहिल्या आहेत का?

आणि आता ज्या विधानानं तुम्हाला एवढा राग आला ते, ३१ आणि ३६चं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या जवळ पोचली की शरीराला उष्णता टाकायला घामाशिवाय दुसरा मोठा मार्ग उरत नाही. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. सुकताना, हे महत्त्वाचं. हनुवटीवरून ठिबकणारा घाम जवळजवळ काहीच नेत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं वाया जातं. घाम किती वेगानं सुकेल हे ठरतं ते हवेतल्या बाष्पावर. अंतर्भागातल्या ३६ अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी हवेत ८ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. किनाऱ्यावर, वर काढलं तसं, २१. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं वाचन पहिल्या ठिकाणी २० अंशांच्या जवळ येईल, दुसऱ्या ठिकाणी साडेपंचवीसच्या वर. शरीर ऐकतं ते या ओल्या तापमापकाचं.

हे मी एकटी म्हणत नाही. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ साली तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जाणवणाऱ्या उष्णतेचं कोष्टक मांडलं आणि अमेरिकेची हवामानसेवा आजही त्यावर आधारलेला निर्देशांक वापरते. त्यात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे जाणवणारे ४१. स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० साली दाखवलं की ओल्या तापमापकाचे ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा आहे. त्यापलीकडे सावलीत नुसतं बसलेलं धडधाकट शरीरही काही तासांत हरतं. २०२२मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर घेतलेल्या चाचण्यांत ही सीमा आणखी खाली, दमट हवेत ३१ अंशांच्या आसपास, निघाली. 'भावनिक लिखाण' हा शिक्का मारण्याआधी हे एकदा तपासायला हवं होतं.

माझ्या लेखाचा अर्धा भाग रात्रीबद्दल होता. त्यावर तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत आणि मला खरा सल तोच आहे. दमट किनारा माणसाला थकवतो तो दुपारी कमी आणि रात्री जास्त. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या ब्रिस्बेनला जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, दुपारचं सरासरी तापमान ३०च्या आसपास जातं आणि पहाटे २१च्या फारसं खाली येत नाही. त्याच देशात समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत असलेल्या कॅनबेरात त्याच महिन्यात दुपार २८च्या आसपास, म्हणजे फार वेगळी नाही, पण पहाट १३च्या. कॅनबेरा सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे, अक्षांशही वेगळं आहे, हे मला माहीत आहे. ते धरूनही दुपार आणि पहाट यांच्यातलं अंतर एकीकडे नऊ अंश आणि दुसरीकडे पंधरा, हा फरक प्रामुख्यानं बाष्पाचा आणि समुद्राचा आहे. बाष्प जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतं. हवा दवबिंदूपर्यंत उतरली की दव पडू लागतं आणि दव होताना बाष्प आपली उष्णता परत हवेला देतं, म्हणून पारा तिथे अडकतो. दवबिंदू २२ असेल तर पहाटे १५ अंश होणार कसे? शेजारी समुद्र आहेच, आणि पाण्याची उष्णता साठवायची ताकद कोरड्या मातीच्या चार-पाच पट असते.

अंतर्भागात मी कडक उन्हाळे काढले आहेत. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, पण रात्री खिडकी उघडली की घर तासाभरात निवायचं आणि झोप लागायची. किनाऱ्यावर उशी बदलली, कूस बदलली तरी अंग चिकटच राहायचं. माझ्या आईला दम्याचा त्रास होता आणि उन्हाळ्यातल्या त्या सलग रात्रींनी ती खचून जायची. धुळीतल्या सूक्ष्म किडींना जगायला पन्नास टक्क्यांच्या वरची आर्द्रता लागते, आणि अशा घरांत त्या बारा महिने सुखानं नांदतात. हे माझ्या घरात घडलेलं आहे. त्यावर कुणी मला सुट्टीचे चार दिवस ऐकवले तर माझा आवाज चढणारच.

बाकीचे मुद्दे. जगातल्या हवामानांचे गट पाडणाऱ्या कोपेन यांच्या पद्धतीत दोन्ही हवामानं 'C' गटात येतात, हो. सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी २२ अंशांच्या वर की खाली एवढ्यावर पुढचा पोटगट ठरतो. ती पद्धत मासिक तापमान आणि पाऊस यांवर बेतलेली आहे, हवेतल्या बाष्पाचा आकडा तिच्यात नाही. त्यामुळे अंगाला काय जाणवतं हे तिला विचारण्यात अर्थ नाही. घर तापवण्याचा खर्च अंतर्भागात जास्त येतो, खरं आहे, पण मी खर्चाचा लेख लिहिला नव्हता. वादळांवर स्वतंत्र लेख होईल.

३१ आणि ३६चं ते वाक्य मी बदलणार नाही. तुम्हाला ते अजूनही चूक वाटत असेल तर पुन्हा जरूर लिहा, पण या वेळी टक्क्यांशेजारी त्या वेळचं तापमान द्या आणि पहाटेचा पाराही द्या. माझ्या चार दिवसांचा हिशोब नको.