‘दहा मिनिटांच्या कामाचे ५०० रुपये’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या लॅपटॉपच्या वेबकॅमच्या कामाला दोन तारे देऊन आपण ‘नुसता ड्रायव्हर अपडेट करायचे ५०० रुपये उकळले, काम दहा मिनिटांचे आणि लॅपटॉप दिवसभर ठेवून घेतला’ असे लिहिले आहे. मुलीची ऑनलाइन मुलाखत दुसऱ्या दिवशी असताना आपल्याला ताटकळावे लागले, याबद्दल दिलगीर आहे. परंतु ‘उकळले’ हे वाचून फार वाईट वाटले. या दुकानावर माझे घर चालते आणि अभिप्राय वाचूनच नवे गिऱ्हाईक पायरी चढते, म्हणून काम काय होते ते सांगणे भाग आहे.

कॅमेरा बंद पडण्यामागे विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये काढली गेलेली परवानगी, कीबोर्डवरच्या बटणाने बंद झालेला कॅमेरा किंवा बिजागरीतून स्क्रीनकडे जाणारी बारीक केबल, असे काहीही असू शकते आणि ते एकेक करून तपासावे लागते. आपल्या लॅपटॉपमध्ये हे सर्व ठीक होते. मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, कॅमेऱ्याच्या नावावर बिघाड दाखवणारा पिवळा त्रिकोण होता आणि ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचा होता. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारे जे फुकट सॉफ्टवेअर आपण घरी टाकले होते, त्याने तो बसवला होता. हे मी काउंटरवर स्क्रीन आपल्याकडे वळवून दाखवलेही होते.

जुन्या ड्रायव्हरवर परत जाण्याचे स्क्रीनवरचे बटण पुसट झालेले, म्हणजे दाबता न येणारे होते. चुकीचा ड्रायव्हर फाइलसकट काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर त्या सॉफ्टवेअरने तोच परत आणून बसवला. म्हणजे आधी ते सॉफ्टवेअर काढणे आवश्यक होते, आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय त्याच्या मशीनमधले काहीही पुसायचे नाही, हा माझा नियम आहे. मी दुपारीच फोन केला होता. आपण ऑफिसात होतात, त्यामुळे आपला होकार पाचनंतर आला. आपण समोर उभे असताना झालेले काम खरोखरच दहा मिनिटांचे होते, पण दुपारी कारण सापडले होते म्हणूनच ते दहा मिनिटांत झाले. त्यानंतर व्हिडिओ कॉल लावून, झाकण उघडून-मिटून केबलचीही खात्री करून दिली.

५०० रुपये आधी सांगितले होते आणि पावतीवरही लिहिले होते. कॅमेराच गेला आहे असे सांगून नवा भाग आपल्या गळ्यात मारणे मला अवघड नव्हते. तसे मी कधी केलेले नाही.

यापुढे दर अधिक ठळक लावण्याचा आणि कामाची स्थिती वेळोवेळी कळवण्याचा नक्कीच प्रयत्न राहील. आपल्याला एकच विनंती आहे, ते सॉफ्टवेअर कृपया पुन्हा टाकू नये. सध्या कॅमेरा विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर व्यवस्थित चालतो आहे. पुढे गरज वाटलीच तर विंडोज अपडेटमधील पर्यायी अपडेटमध्ये किंवा लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक टाकून, ड्रायव्हर पाहावा. अडचण आल्यास लॅपटॉप घेऊन यावे, या कामाची फेरतपासणी विनाशुल्क करून देईन.

आपला नम्र,
दुकानचालक