झगा आपला, झेंडा त्यांचा

फादर, रविवारी अकराच्या मिस्सेला साठ डोकी, त्यातली चाळीस पिकलेली, आणि दानपेटीत नोटांपेक्षा नाणी जास्त. अमेरिकेतलं कॅथलिक चर्च, मग ते ओहायोत असो नि विस्कॉन्सिनमध्ये असो, हे असं किती दिवस रेटायचं? त्यापेक्षा प्रवचनात ख्रिस्ताच्या शेजारी राष्ट्र, सीमा आणि ‘आपली संस्कृती’ यांना बसवा आणि समोर मोबाइल उभा करा. बुधवारपर्यंत लाखभर माणसं तुम्हाला ओळखू लागतील. रस्ता मळलेला आहे. खड्डे कुठे आहेत तेवढं सांगून ठेवतो.

आधी कायदा. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या कलम २८५ प्रमाणे धर्मगुरूने सत्तेचं सरकारी पद घ्यायचं नाही, आणि २८७ प्रमाणे राजकीय पक्षात सक्रिय व्हायचं नाही. घाबरू नका, २८७ मध्येच पुढे एक ‘मात्र’ आहे: चर्चचे हक्क राखायला किंवा सर्वांच्या हितासाठी गरज आहे असं वरिष्ठांना वाटलं तर चालेल. वरिष्ठांना काय वाटतं हे विचारायला जायचं नाही, एवढंच पथ्य. विचारलं की उत्तर मिळतं. मॅसॅच्युसेट्सचे जेझुइट संघाचे फादर रॉबर्ट ड्रायनन दहा वर्षं डेमोक्रॅट म्हणून अमेरिकी संसदेत बसले होते. १९८० मध्ये रोमहून ‘पुन्हा उभे राहू नका’ असा निरोप आला आणि त्यांनी तो पाळला. तो माणूस डावा, त्याला आज्ञापालन शोभलं. तुम्ही परंपरेचे रक्षक. पोपचं ऐकायचं की नाही हे तुम्ही ठरवणार.

सरकारी कायद्याची भीती तर आता उरलीच नाही. करमाफी घेणाऱ्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करू नये, अशी १९५४ ची जॉन्सन दुरुस्ती आहे. पण जुलै २०२५ मध्ये करखात्यानेच न्यायालयात सांगितलं की उपासनेच्या वेळी आपल्या मंडळींशी बोललेलं त्यात धरायचं नाही. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने लगेच पत्रक काढलं, आम्ही उमेदवारांना पाठिंबा देत नाही म्हणून. ते सूचनाफलकावर लावा, अगदी खालच्या कोपऱ्यात, बिंगोच्या जाहिरातीमागे.

आता प्रवचन. दोन डबे घ्या. पहिल्यावर लिहा ‘मुळातच पाप’, दुसऱ्यावर ‘ज्याने त्याने विवेकाने ठरवावे’. गर्भपात पहिल्यात, स्थलांतरित, फाशी, गरिबांचं औषधपाणी दुसऱ्यात. पहिला दर रविवारी उघडायचा, दुसऱ्याचं झाकण गंजू द्यायचं. अडचण एकच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात, परिच्छेद २७ मध्ये, माणसाचा अवमान करणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. खून, वंशसंहार, गर्भपात अशी ती सुरू होते, आणि थोडं खाली उतरलं की गुलामगिरीच्या जरा अलीकडे एक शब्द लागतो: हद्दपारी. वर १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘मुळातच पाप’ कशाला म्हणायचं हे समजावताना हीच यादी जशीच्या तशी उचलली. तेव्हा पुस्तक धरताना उजवा अंगठा पानाच्या मधोमध येईल असं बघा. ‘गर्भपात’ दिसला पाहिजे, ‘हद्दपारी’ झाकली गेली पाहिजे. आरशासमोर चार वेळा केलं की हात बसतो. फाशीचं मात्र २०१८ पासून अवघड झालंय. पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या मूळ ग्रंथातच ती अमान्य करून टाकली. ते पान चिकटलंय म्हणा.

लॅटिनची फोडणी विसरू नका. जानेवारी २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी ‘ऑर्डो अमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, काढलं: आधी घरचे, मग शेजारी, मग देश, उरलंच तर जग. पुढच्याच महिन्यात पोपनी बिशपांना पत्र लिहून त्यावर बायबलमधल्या भल्या शोमरोन्याची, वाटेत पडलेल्या परक्या जखमीला उचलणाऱ्याची, गोष्ट आठवून दिली. ती गोष्ट ज्या रविवारी वाचनात येते, त्या रविवारी रजेवर जा.

इतिहासाचा तास सुद्धा बुडवलेला बरा. ‘हा ख्रिस्ती देश आहे’ हे वाक्य आज तुम्ही ज्या प्रॉटेस्टंटांच्या खांद्याला खांदा लावून म्हणताय, त्यांच्या पणजोबांच्या हिशेबात तुमचे पणजोबा ख्रिस्ती धरलेलेच नव्हते. शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगल पेटली आणि सेंट मायकल व सेंट ऑगस्टिन ही दोन कॅथलिक चर्चं जळाली. १८७१ मध्ये टॉमस नास्टने एक व्यंगचित्र काढलं. त्यात चक्क गंगा आहे, आणि तिच्यातून अमेरिकन मुलांना गिळायला मगरी वर सरकताहेत. नीट पाहिलं की कळतं, मगरींचे जबडे म्हणजे बिशपांच्या टोप्या. आज तेच जबडे सीमेपलीकडून येणाऱ्यांना लावायचेत. चित्र तयार आहे, मथळा तेवढा बदला.

गुरू करायचाच तर फादर चार्ल्स कॉफलिन यांना करा. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकचे. १९२६ मध्ये रेडिओवर आले, पुढे श्रोत्यांचा अंदाज कोटींत गेला, पाकिटांतून एकेक डॉलर येत राहिला. स्वतः कॅनडात जन्मलेले, पण राष्ट्रवादाला जन्मदाखला लागत नाही. सरकारने चांदीचा भाव वाढवावा म्हणून ते माइकवरून गर्जत असताना, १९३४ मध्ये अर्थखात्याने चांदी धरून बसलेल्यांची यादी छापली. त्यात त्यांच्या सचिवबाईंच्या नावावर ५ लाख औंसांचे सौदे निघाले, पैसा त्यांच्याच रेडिओ संस्थेचा. धडा सोपा आहे: सचिवबाईंचं नाव वापरू नका, दूरचा भाचा बरा. १९३६ मध्ये त्यांनी अध्यक्षपदासाठी लेम्के यांना उभं केलं आणि ९० लाख मतं देईन, नाहीतर रेडिओ सोडेन, असा शब्द दिला. मिळाली ९ लाखांच्या आत. रेडिओ सोडला आणि दोनेक महिन्यांत परत धरला. मग रेडिओला रोज नवा शत्रू लागतो तसा लागला. १९३८ मध्ये त्यांच्या ‘सोशल जस्टिस’ साप्ताहिकाने ज्यूंच्या कटाचे ते कुप्रसिद्ध बनावट ‘प्रोटोकॉल्स’ छापले. हे सगळं इतकी वर्षं का खपलं? डेट्रॉइटचे बिशप गॅलहर पाठीशी होते म्हणून. १९३७ मध्ये ते वारले, आर्चबिशप मूनी आले, आणि १९४२ मध्ये कॉफलिनांचं तोंड बंद झालं. तेव्हा प्रवचनापेक्षा बिशपच्या तब्येतीकडे जास्त लक्ष द्या.

अलीकडच्यांनी ते लक्ष दिलं नाही. फादर पवोनी यांनी २०१६ च्या निवडणुकीच्या तोंडावर वेदीवर गर्भ ठेवून ट्रम्पसाठी मतं मागितली. २०२२ मध्ये झगा गेला. फादर ऑल्टमन यांनी २०२० मध्ये ‘कॅथलिक असून डेमोक्रॅट होता येत नाही’ असं सांगितलं. वर्षभरात धर्मग्राम, म्हणजे हातातलं चर्च, गेलं, पाठीराख्यांनी ऑनलाइन वर्गणीत लाखो डॉलर मात्र जमवले. टेक्सासचे बिशप स्ट्रिकलंड यांना २०२३ मध्ये पोपनी दूर केलं. आर्चबिशप विगानो यांनी २०२० मध्ये ट्रम्पना प्रकाशाची लेकरं विरुद्ध अंधाराची लेकरं असं पत्र लिहिलं. २०२४ मध्ये चर्चने त्यांनाच बाहेर काढलं. ट्रम्प यांच्या पक्षाने यांपैकी कोणासाठी रोमला तंबी दिल्याचं ऐकिवात नाही. कॉलर भाड्याची असते, फाटली की दुसरी मिळते.

शेवटी बाकांचा हिशेब. अमेरिकेतल्या दर तीन कॅथलिकांत एक तरी लॅटिनो आहे. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप रोहास यांना पत्रक काढावं लागलं, की धरपकडीच्या भीतीने घराबाहेर पडवत नसेल तर रविवारच्या मिस्सेची सक्ती नाही. नोव्हेंबरात बिशपांनी सरसकट हद्दपारीविरुद्ध मतदान केलं, २१६ विरुद्ध ५. म्हणजे तुमच्या बाजूचे पाच आहेत, पाचही जणांना नाताळचं कार्ड धाडा. बाक रिकामे दिसू लागले तर कॅमेरा जरा पुढे सरकवा, फक्त वेदी दिसू द्या.

आणि तुम्हाला काढल्याचा कागद आलाच, तर तुमच्या जागी रविवारची मिस्सा म्हणायला बहुधा केरळचे नाहीतर आंध्रचे एखादे फादर येतील. ते धर्मसेवकांच्या आर-१ व्हिसावर असतात, मुदत पाच वर्षं. किल्ल्या देताना त्यांची तारीख एकदा विचारून घ्या.