नावेत मारुती 800 चं इंजिन बसवायचं नाही

परवा रात्री धाकट्या साळ्याचा फोन आला. "भाऊजी, पहा न, पंचवीस हजारात काम होते." वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये त्यांची नाव चालते. तिचं जुनं डिझेल इंजिन धूर फेकायला लागलंय. तेवढ्यात ग्रुपवर फिरणारा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला: 'नावेचं इंजिन गेलं? भंगारातल्या मारुती 800 चं बसवा. इंजिन ते इंजिन. रेडिएटर नको, नदीचं पाणी सोडा. गिअरबॉक्सही कारचाच चालतो. पेट्रोल असल्यानं धूर नाही, आवाज नाही.'

मी वीस वर्षं पंप आणि ट्रॅक्टरची इंजिनं उघडतोय. हे वाचून डोकं फिरलं.

सगळ्यात घातक गोष्ट मेसेजच्या शेवटच्या वाक्यात आहे: पेट्रोल. जुन्या मारुतीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, घ्या. त्यात पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला की पेट्रोल वर चढतं आणि बाहेरून थेंबथेंब ओघळतं. माझ्या टेबलावर रोज दिसतं हे. गाडीत ते रस्त्यावर पडतं, वाऱ्यावर उडून जातं. नावेत कुठे जाणार? फळ्यांखाली, जिथलं पाणी आपण डब्यानं उपसतो तिथे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच बसून राहते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली तरी ठिणगीला पुरते. आणि ठिणगी तर कारचा स्टार्टर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर देतातच, कारण ते उघड्या हवेसाठी बनलेत.

अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमात (33 वं शीर्षक, भाग 183) हे स्पष्ट लिहिलंय. पेट्रोल इंजिनाच्या खोलीतला विजेचा भाग 4.25 ते 5.25 टक्के प्रोपेन मिसळलेल्या हवेत चालवला तरी त्या हवेनं पेट घेता कामा नये. शिवाय ब्लोअर, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, लागतो, आणि इंजिन सुरू करण्याआधी तो निदान 4 मिनिटं चालवा अशी पाटी बोटीवर लावावी लागते. नावेसाठीच्या कार्बोरेटरमध्ये तर ओघळ बाहेर न पडता इंजिनाच्या घशातच जातो. साळा म्हणाला, ते अमेरिकेचं झालं. अरे, पेट्रोल पवनीचं असो की अमेरिकेचं, वाफ तळालाच बसते! त्या नावेत बाया असतात, शाळेची पोरं असतात. पाण्याच्या मधोमध भडका उडाला तर उडी कुठे मारणार?

'इंजिन ते इंजिन' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. मर्क्रूझर या बोटींच्या इंजिनांच्या अमेरिकन ब्रँडची कित्येक इंजिनं जनरल मोटर्सच्या कारच्या ब्लॉकवरच (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) बनली. आपल्याकडे खारं पाणी नाही, म्हणून गंजाची भीतीही कमी. पण सारखा आहे तो ब्लॉक. त्याच्या भोवतीचं सगळं बदलतात, आणि तोच खर्च मेसेजवाल्यानं गाळलाय.

नदीचं पाणी थेट ब्लॉकमध्ये? वैनगंगेचा पावसाळी गाळ आतल्या वाटा बुजवतो, आणि जलपर्णीचा एक झुपका पाइपाच्या तोंडाला बसला की इंजिन तापून त्याचं हेड वाकलंच. वर सुका, म्हणजे पाण्यानं थंड न होणारा, सायलेन्सर लाकडाला लागून तापणार. त्यात गाडी सपाट रस्त्यावर थोड्या ताकदीवर पळते, नाव मात्र सतत घाट चढल्यासारखी ओढते.

गिअरबॉक्सचं तर बोलूच नका. पाण्यातला पंखा नावेला ढकलतो तो त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या शाफ्टमधूनच, आणि तो सगळा रेटा झेलायला नावेच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं बेअरिंग असतं. कारच्या गिअरबॉक्सला असा रेटा माहीतच नाही.

साळ्याला सांगितलं, डिझेलच ठेव. धूर येतोय तर लायनर-रिंगा गेल्या असतील, त्याचा खर्च मी काढून देतो. रविवारी हेड खोलून ठेव, मी सकाळच्या गाडीनं येतोय.