सहीचा मान आणि खिडकीमागची माणसं: एका प्रतिक्रियेला उत्तर

वॉर्डात ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, कशी द्यावी-घ्यावी, यावरच्या मागच्या लेखाखाली ‘एक सर्जन, मडगाव’ यांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं असं: एसबार (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सुचवणी या क्रमाने माहिती सांगणं) ही पद्धत विमानांतून नव्हे, पाणबुड्यांतून आली. चाळीस खाटांना रात्री दोन सिस्टर असताना हे लाड परवडत नाहीत. ऑपरेशनच्या चेकलिस्टवर टिका (बरोबरच्या खुणा) नंतर मारल्या जातात. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘औषधांच्या खिडकीमागे बसून वॉर्ड चालवायला शिकवू नका. सही डॉक्टरची असते, बाकीच्यांनी सांगितलेलं नीट केलं की झालं टीमवर्क.’ ती खिडकी माझी, मी फार्मासिस्ट.

पाणबुडीचं तुमचं बरोबर. एसबार अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून दवाखान्यांत आली, मी विमान लिहिलं ती चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. देव बरें करूं, म्हणजे आभार.

आता शेवटच्या वाक्याकडे येतो. सहीचा एवढा अभिमान, आणि प्रतिक्रियेखाली मात्र सही नाही! असो. ‘शिकवू नका’ हा सूर पात्रांवाचा, म्हणजे मालकाचा, आहे. राउंडला इंटर्नशी हाच सूर लावत असाल, तर त्याला काही खटकलं तरी तो बोलत का नाही हे वेगळं विचारायला नको.

‘सांगितलेलं नीट केलं की झालं’ म्हणता ना, मग नीट म्हणजे काय ते बघू. रात्री फोनवर तुम्ही म्हणता, ‘सिस्टर, इन्सुलिन दहा द्या.’ वॉर्डातली बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. त्या दिवशी बाटली संपलेली, नातेवाइकाने बाहेरून आणली ती शंभरची. तिला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. ती ट्रेमध्ये नाही. सिस्टर लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरते. तिथे पाव मिलिलिटर मावतं. शंभरच्या बाटलीतलं पाव मिलिलिटर म्हणजे २५ युनिट. तुम्ही दहा सांगितलं, तिने दहाच्या रेघेपर्यंत दिलं. सांगितलेलं अगदी नीट केलं! दोन-तीन तासांनी साखर उतरून पेशंट घामाने भिजलेला, हाकेला ओ देत नाही, आणि सगळे पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, शोधताहेत. उलटही होतं. चाळीसचं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत घेतलं तर जेमतेम ४ युनिट जातं, आणि सकाळी राउंडला चढलेली साखर बघून तुम्ही डोस वाढवता.

हे अडवायला जास्तीची माणसं लागत नाहीत. सांगताना इन्सुलिनचा प्रकार सांगा, डोस सांगा. ऐकणाऱ्याने आधी केसपेपरवर लिहायचं, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, बाटलीवरचा आकडाही वाचायचा. मग तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचं. क्रम हाच. बहुतेक ठिकाणी तोंडी परत म्हणतात आणि फोन ठेवल्यावर लिहितात, म्हणजे पडताळणी होते ती आठवणीची, कागदाची होतच नाही. आकडा फोडून सांगा: पंधरा, एक-पाच. गोव्यात डॉक्टर कोंकणीत विचार करतो, सिस्टर मल्याळममध्ये, आणि दोघं बोलतात इंग्रजीत. तिथे फिफ्टीन-फिफ्टी एकसारखेच ऐकू येतात. आणि ‘युनिट’ हा शब्द पुरता लिहा. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा होतो, दहाचे शंभर होतात.

राहिली सही. सही तुमची असते हे कोणी नाकारलं? पण सही करताना डोळ्यांसमोर जे नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असतं. २००५ साली इंग्लंडमध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी एका बाईंना भूल दिली. श्वासाची नळी जाईना, ऑक्सिजन उतरत गेला. खोलीत तीन अनुभवी डॉक्टर, तिघंही पुन्हा पुन्हा नळी घालण्यात गुंतलेले. एका नर्सने ट्रॅकियोस्टोमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा, संच आणून तसं सांगितलं. दुसरीने आयसीयूत खाट सांगितली आणि डॉक्टरांचे चेहरे बघून परत रद्द केली. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत, काही दिवसांनी गेल्या. हुशारीत कुणी कमी नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांचं बोलणं पोचलं नाही, एवढंच.

म्हणून बोलायचं कसं हेसुद्धा शिकवावं लागतं. ‘डॉक्टर, जरा सॅचुरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघता का?’ ही नुसती आडून दिलेली सूचना, ती कामात बुडून जाते. ‘सॅचुरेशन ८२, तीन मिनिटं झाली, संच उघडलाय, गळ्यातून घ्यायचं का?’ हे वाक्य ऐकावंच लागतं. पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर पुन्हा तेच, मोठ्याने. तरीही नाही, तर ‘पेशंटला धोका आहे, थांबा’ म्हणायचं आणि वरिष्ठांना बोलवायचं. यात सर्जनचा अपमान वाटत असेल तर इलाज नाही.

चेकलिस्टबद्दल फार लिहीत नाही. टिका नंतर मारल्या जातात, तर नंतर मारू नका. २००९ साली चेकलिस्ट वापरून पाहिलेल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांचे आकडे छापून आले, त्यांत दिल्लीही होती. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं. माणसं कमी असल्याची तक्रार योग्य जागी करा, ब्लॉगखाली नको.

आणि खिडकी. त्या खिडकीत माझी चोवीस वर्षं गेली आहेत, तेव्हा तिथून काय दिसतं ते सांगायचा हक्क मला आहे. एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, ६० मिलिग्राम, बारा तासांनी. चिठ्ठी सुबक, सही झोकदार. पेशंटचं वजन ४२ किलो, म्हणजे किलोला एक मिलिग्राम धरलं तरी डोस जास्तच. त्यात क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं त्याचं माप) तीसच्या खाली, म्हणजे दिवसातून एकदाच द्यायचं औषध. वजन आहारतज्ज्ञाच्या कागदावर, क्रिएटिनिन लॅबच्या. उभं केल्यावर पेशंटला चक्कर येते हे फिजिओथेरपिस्टला ठाऊक, शौचाला काळं होतंय हे आयाबाईला. चौघांनी चार ठिकाणी नीट काम केलं आणि रक्तस्राव कुणालाच दिसला नाही. ‘दोतोरान सांगलां’ एवढ्यावर थांबलं की असंच होतं.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा, तशीच छापीन. तोवर तुमच्या वॉर्डातून खिडकीवर चिठ्ठी आली आणि दहाच्या पुढचा ‘यू’ मला शून्य वाटला, तर रात्री दोनला फोन करीन. उचला तेवढा.