भट्टी कुठंय, भट्टी?

आमचा मेहुणा महाबळेश्वरला जाऊन आला आणि स्ट्रॉबेरीऐवजी धावड लोकांची गोष्ट घेऊन आला. ते म्हणे तिथल्या जंगलात लोखंड गाळायचे, मातीची भट्टी, त्यात लाकडी कोळसा आणि लोखंडाचा दगड थरावर थर, बाजूला बसून भाता हाणायचा. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, तेवढी धग त्या भट्टीत कुठली, म्हणून वितळून वाहायचं ते कीट, म्हणजे दगडातला मळ, आणि आत उरायचा स्पंजासारखा गोळा, तो ठोकून ठोकून लोखंड. इथपर्यंत मजा आली. मग तो म्हणाला, "दाजी, आपल्याकडं पण पुरलेल्या असणार. डोंगर आहे, जंगल आहे."

या हिशोबाने नाशकात हापूस पण पिकायला पाहिजे. पण बायकोसमोर बायकोच्या भावाला कोण बोलणार.

रविवारी मिसळ हाणली, गिरणारे मागं टाकलं, वाघेऱ्याच्या घाटाअलीकडं गाडी लावली आणि करवंदीच्या जाळीत घुसलो. ऑक्टोबर, म्हणजे करवंदं नाहीत, नुसते काटे. त्याने जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून आणलेलं. काळा, जड, भोकाभोकाचा दगड दिसला की कीट समजायचं. आता मला सांगा, आपल्याकडं काळा भोकाभोकाचा दगड कुठं नाही? अख्खा डोंगर लाव्हाचा, लाव्हा थंड होताना आतल्या गॅसचे बुडबुडे राहिले तीच ही भोकं, आणि वरून बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं त्यामुळे दोरीवरचं चुंबक जरासं हलायचं पण, आणि ते हललं की हा नाचायचा. दोन तासांत दहा-बारा किलो पुरावा जमला. माझ्या सॅकमध्ये, कारण त्याची पाठ दुखते.

शेवटी टपरीवर चहा घेताना मीच शहाणपणा केला. "मामा, इथं भट्टी कुठंय?"

मामांचा हात गाळणीवरच थांबला. "नाय इथं. बंद झाल्या समद्या."

"चालू नको हो, जुनी. जमिनीत पुरलेली."

पुरलेली म्हटल्यावर तर विषयच संपला. एक पोरगं सायकलवर टांग टाकून वस्तीकडं सुसाट, बाकड्यावरचे दोघं चहा अर्धा टाकून उठले. तिसरा मात्र जवळ सरकला. "सायेब, तुम्ही दारूबंदीवाले का?"

"छे छे, आम्ही अभ्यासाला आलोय," मेहुणा म्हणाला.

"बरं. किती लिटरचा?"

घरी सासूबाईंनी एक दगड हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्यांचे वडील वैद्य. मंडूर भस्म जुन्या कीटापासून करतात आणि ते शंभर वर्षं जुनं असेल तर उत्तम, एवढं सांगून त्यांनी दगड परत सॅकमध्ये टाकला. "ही खडी आहे जावईबापू. आपल्या गेटसमोर ब्रासभर पडलीय."

मेहुण्यावर परिणाम शून्य. नागपूरकडं नायकुंडला उत्खननात लोखंडाची खरी भट्टी निघालीय, अडीच हजार वर्षांहून जुनी, हे त्याला परवा कळलंय.

"समृद्धीने सरळ रस्ता आहे दाजी. फक्त सॅक मोठी घ्या."