टीएच-१ वाढवणारा काढा

आमच्या रामबागेतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: माणूस जन्मतःच दोन प्रकारच्या हेल्पर टी पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या, इतर पेशींना मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी) घेऊन येतो, टीएच-१ जंतू मारते, टीएच-२ ॲलर्जी करते, काढ्याने पहिली वाढवा, दुसरी आपोआप घटेल, मग इनहेलरसुद्धा सोडा. माळव्यात गव्हाची मळणी सुरू झाली की घरोघरी शिंका, त्यामुळे इंदुरात हा मेसेज पसरायला वेळ लागला नाही.

‘जन्मतः’ हे चूक. थायमसमधून, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीतून, बाहेर पडणारी हेल्पर पेशी नवखी असते, तिचं काम अजून ठरलेलं नसतं (दाह आवरणाऱ्या नियंत्रक पेशींचा एक गट तिथेच ठरतो, तेवढा अपवाद). पुढे लसीका ग्रंथीत डेंड्रायटिक पेशी, म्हणजे जंतूची ओळख करून देणारी पेशी, तिला जंतूचा तुकडा दाखवते आणि आसपास जे रासायनिक संदेश असतील त्यांवर तिचं काम ठरतं. आयएल-१२ हा संदेश असेल तर टीएच-१, आयएल-४ असेल तर टीएच-२.

‘दोनच’ हे १९८६ सालचं चित्र. मॉसमन आणि कॉफमन या संशोधकांनी उंदरांच्या पेशींत हे दोन प्रकार दाखवले, ते खरंच होतं, पण अपुरं. २००५च्या सुमारास टीएच-१७ ही आणखी एक हेल्पर पेशी पुढे आली आणि हिशेब पार बदलला. टीजीएफ-बीटा हा संदेश आयएल-२च्या सोबतीने आला तर दाह आवरणारी नियंत्रक पेशी घडते. त्याच टीजीएफ-बीटाला आयएल-६ची जोड मिळाली तर दाह भडकवणारी टीएच-१७. शिवाय बी पेशींना चांगली अँटीबॉडी बनवायला मदत करणारी टीएफएच आहेच. एक वाढली की दुसरी घटते, हे गणित इथे बसवणार कुठे?

टीएच-२ खलनायक नाही, जंतांशी तीच लढते.

राहिलं ‘टीएच-१ जितकी जास्त तितकी बरी’. कुष्ठरोग बघा. टीएच-१चा प्रतिसाद जोरदार असलेल्या रुग्णात जिवाणू थोडे सापडतात, हे खरं. पण त्याच प्रतिसादाने मज्जातंतूंना इजा होते. उपचार चालू असतानाही तो अचानक उसळला तर हातापायाची ताकद जाऊ शकते, म्हणून डॉक्टर स्टेरॉइड देऊन तो दाबतात. ‘वाढवा’ म्हणणाऱ्याने आधी हे बघावं.

काढा घशाला बरा वाटत असेल तर खुशाल प्या. दम्याचा इनहेलर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.