शांतिसेनेची माघार: 'सुटले' म्हणणाऱ्यांसाठी

२४ मार्च १९९०ला श्रीलंकेच्या त्रिंकोमाली बंदरातून भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी निघाली. मार्च आला की त्यावर ठरलेली दोन मतं ऐकू येतात. एक, हात पोळून परत आले. दुसरं, बरं झालं, सुटले! जवानाच्या जागी उभं राहून बघितलं तर दोन्ही अर्धवट वाटतात.

घरी जायचा आनंद होताच. पण माघार म्हणजे बिस्तरा गुंडाळून गाडीत बसणं नव्हे. आधी लांबची चौकी उठते, मग कंपनी, मग बटालियनचं ठाणं, शेवटी बंदर. एक चौकी उठली की शेजारची उघडी पडते. माणसं कमी होत जातात, रस्ता मात्र तेवढाच राखायचा असतो. ताफ्याआधी पहाटे रोड ओपनिंग पार्टी, म्हणजे रस्त्यात सुरुंग पेरलाय का ते तपासणारी तुकडी, पायी निघते. प्रत्येक मोरीखाली वाकून बघायचं: ताजी उकरलेली माती, डांबराचं नवं ठिगळ, झुडपात शिरलेली वायर. दोन वर्षं निभावलेला माणूस शेवटच्या आठवड्यात त्या मोरीपाशी जास्त घाबरतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

राग वेगळाच. १९८७च्या भारत-श्रीलंका करारानुसार श्रीलंका सरकारच्याच विनंतीवरून सैन्य गेलं. पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी १ जून १९८९ला जाहीर सांगितलं, २९ जुलैपर्यंत निघा. तोवर लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढताना किती जीव गेले होते! एकूण आकडा सुमारे १,२००. त्यात ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत वाढलेले, मरणोत्तर परमवीरचक्र. आणि मद्रासच्या धक्क्यावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आलेच नाहीत.

तरी माझ्या मते खरा सल तिसराच. शांतिसेनेच्या पाठबळावर 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली होती. त्यात कोवळी पोरं, कित्येक तर घरातून जबरदस्तीने उचललेली. अंपाराईसारखे पूर्वेचे भाग रिकामे होऊ लागले तसे लिट्टेने या आर्मीचे तळ एकेक करून मोडले. तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात पोचले, पण गावोगावची पोरं तिथेच राहिली.

परत यायचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, उलट उशीरच झाला. पण माघारीच्या यादीत दारूगोळ्याची पेटीन्‌पेटी मोजून चढते. वाटाडे, दुभाषे, हाती बंदूक दिलेली पोरं यांच्यासाठीही त्याच यादीत, पहिल्या चौकीपासून, रकाना हवा.